ओहायो स्टेट २०२४: मिशिगनकडून हरलेली टीम चॅम्पियन कशी झाली?

नवा_प्रेक्षक:
कॉलेज फुटबॉल आत्ता आत्ता बघायला लागलोय (अमेरिकन फुटबॉल हं). ओहायो स्टेटचा २०२४चा अख्खा सीझन ओळीने लावून बघतोय आणि एका जागी अडकलोय. ऑक्टोबरमध्ये ओरेगनकडून ३२-३१ने हरले ते समजू शकतो, पण ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१०? मिशिगन तोवर पाच मॅच हरलेली होती! बिग टेनची (यांची लीग) फायनलपण हुकली यांची. मग जानेवारीत हेच चॅम्पियन? मधे नक्की काय बदललं?

टचडाऊन_काका:
आधी फॉरमॅट बघ. त्याच वर्षी प्लेऑफ (चॅम्पियन ठरवणारी बाद फेरी) चारवरून बारा टीमचा झाला, म्हणून दोन हारनंतरही यांना आठवं सीड (मानांकन) मिळालं. जुन्या पद्धतीत विषय तिथेच संपला असता.

चौथा_डाऊन:
फॉरमॅटने दार उघडलं एवढंच, आत जाऊन खेळावं तर लागलंच ना. मिशिगनची मॅच परत बघ, जेरेमाया स्मिथसारखा रिसिव्हर (पास पकडणारा) बाहेर उभा असताना हे पुन्हा पुन्हा बॉल हातात घेऊन मधूनच पळत होते (रन), आणि तीही पुढे उभं राहून वाट काढून देणाऱ्या लाइनमधले दोन चांगले गडी दुखापतीने बाहेर असताना, समोर मिशिगनचे बचावातले सगळ्यात तगडे खेळाडू. पूर्ण मॅचमध्ये रनवर फक्त ७७ यार्ड! वर दोन फील्ड गोल (तीन पॉइंटच्या किक) हुकले, क्वार्टरबॅक (पास टाकणारा) विल हॉवर्डचे दोन इंटरसेप्शन, म्हणजे पास समोरच्यांनीच पकडले. मिशिगनकडून सलग चौथी हार होती ती, कोच रायन डेला काढा म्हणून लोक पेटले होते.

मग तीन आठवड्यांनी प्लेऑफच्या पहिल्या मॅचमध्ये टेनेसीविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये २१-०. बॉल हवेत जायला लागला, एवढाच बदल मला दिसतो, पण तोच मोठा. रोझ बोलमध्ये (क्वार्टरफायनल) तर अपराजित ओरेगनवर ३४-० लीड! ती मॅच चुकवू नकोस.

आणि टेक्सासची सेमीफायनल. टेक्सास सात पॉइंटने मागे आणि बॉल गोल लाइनपासून एका यार्डवर, मला वाटलं आता बरोबरी होणार. तिथे त्यांनी बॉल बाजूला फेकून सात यार्ड घालवले, आणि चौथ्या म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला (डाऊन) ओहायोच्या जॅक सॉयरने टेक्सासचा क्वार्टरबॅक क्विन युअर्सच्या हातातून बॉल उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत सुटला. हे दोघं कॉलेजात एकेकाळी रूममेट होते. अजून काटा येतो अंगावर.

शनिवारची_मॅच:
टीम भारी होती, मान्य. पण मला मिशिगनची हार आजही टोचते. आधी त्या एका मॅचवर वर्षभराचं भवितव्य ठरायचं, आता हरलात तरी पुढे संधी आहेच. त्याने शनिवारच्या मॅचची धाकधूक कमी झाली असं मला मनापासून वाटतं.

चौथा_डाऊन:
@शनिवारची_मॅच धाकधूक कमी? फायनलला ३१-७ वरून नोत्र दाम ३१-२३ पर्यंत आले होते, थर्ड अँड इलेव्हन (तिसरा प्रयत्न, ११ यार्ड हवे) होता, तेव्हा हॉवर्डने स्मिथला ५६ यार्डचा पास दिला. मिशिगनविरुद्ध हाच पास टाकायची हिंमत झाली नव्हती.

नवा_प्रेक्षक:
सगळ्यांचे आभार! अरे पण फायनलचा स्कोअर सांगून टाकलात की :) असो, आज रात्री रोझ बोल लावतो.