तर्री, कट आणि सँपल : एकाच वाटीतले शब्द की तीन वेगळ्या वाट्या?

मुशाफिर
एका दिवाळी अंकासाठी मी नागपूर, कोल्हापूर आणि पुणे येथील न्याहारीच्या गाड्यांवर लेख लिहिला. त्यात नागपूरच्या पोह्यांसाठी ‘तर्री’, कोल्हापूरच्या मिसळीसाठी ‘कट’ आणि पुण्याच्या मिसळीसाठी ‘सँपल’ हे शब्द मी जाणीवपूर्वक योजले होते. मुद्रितशोधनानंतर लेख परत आला, तेव्हा तिन्ही ठिकाणी ‘रस्सा’ झाला होता आणि समासात ‘प्रमाण शब्द वापरावा’ अशी टीप होती. हे शब्द समानार्थी नाहीत, अशी माझी समजूत आहे, आणि तिला कारण घडले आहे. नागपुरात आठवडाभर राहून पुण्यात उतरल्यावर मी सवयीने ‘थोडी तर्री द्या’ म्हणालो, तेव्हा वाढप्याने पातेल्यावर तरंगणारे लाल तेल तेवढे पळीने काढून माझ्या मिसळीवर घातले. मला रस्सा हवा होता. तर मग तर्री म्हणजे नक्की काय, आणि तिच्या जागी ‘रस्सा’ चालेल काय?

संत्रानगरी
आमच्याकडे तर्री म्हणजे केवळ तवंग नव्हे. हरभऱ्यांसकट जो झणझणीत पातळ पदार्थ पोह्यांवर ओततात, तो सगळा मिळून तर्री होय. हा शब्द हिंदीतील ‘तरी’वरून आला असावा, आणि त्याच्या मुळाशी ओले, भिजलेले या अर्थाचा फारसी ‘तर’ आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यामुळे हिंदी शब्द आमच्या ताटात असण्याचे कोणी नवल करू नये. मात्र आपल्या मुद्रितशोधकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे: त्याच गाडीवर आलुबोंडा घेतला, तर आम्हीच ‘आलुबोंडा-रस्सा’ म्हणतो.

पेठकर
फारसीपर्यंत जाण्याची गरज नाही. तरंगते ती तर्री, इतके ते सरळ आहे. पुण्याच्या वाढप्याने आपल्याला योग्य तेच वाढले.

संत्रानगरी
मग दारू पिऊन ‘तर्र’ झालेला माणूसही तरंगतो, असे आपले म्हणणे असावे.

पंचगंगाकाठ
‘कट’ या शब्दाबद्दल लिहितो. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवल्यावर जे पाणी निथळून घेतात, ते कट; त्याचीच कटाची आमटी होते. माझी आजी त्याला येळवणी म्हणत असे. भात वेळताना निघते ते वेळवणी, त्याचेच हे रूप. मिसळीच्या पातळ, तिखट पाण्याला हे नाव पुढे पुरणाच्या स्वयंपाकातून मिळाले असावे, असे मला वाटते. म्हणून उसळीसकट असलेल्या रश्शाला कट म्हणणे मला खटकते: आधी उसळ, तिच्यावर फरसाण, आणि मग कट, हा क्रमच सांगतो की कट ही स्वतंत्र वस्तू आहे. मुंबईच्या एका पाहुण्यांना ‘कट वडा’ म्हणजे कापून दिलेला वडा वाटला होता, आणि कटात बुडालेला अख्खा वडा समोर आल्यावर त्यांनी तक्रारही केली होती.

शुद्धमती
तेलासाठी तवंग, निथळलेल्या पाण्यासाठी कट आणि एकूण पदार्थासाठी रस्सा असे तीन नेमके मराठी शब्द हाताशी असताना ‘सँपल’सारखा इंग्रजी शब्द दिवाळी अंकात छापण्याचा आग्रह का असावा, हे मला समजत नाही. मुद्रितशोधकाने निदान त्या एका ठिकाणी योग्य केले.

पेठकर
ज्या पावाबरोबर आपण मिसळ खाता, तो पोर्तुगिजांकडून आला आणि आतला बटाटाही त्यांच्याच भाषेतून आला. त्यांना पंगतीत बसवून एकट्या सँपलला उठवणे अन्यायाचे आहे. शिवाय तो शब्द इंग्रजी आहे, हे कोणी सिद्ध केले? ‘चवीपुरता नमुना देत, म्हणून सँपल’ ही कथा सगळे सांगतात. परंतु आमचे वडील ‘वडा-सांबार’ मागवत, आणि समोर येई ते आजचे सँपलच. सांबारचे सँपल झाले, असे माझे ठाम मत आहे.

शुद्धमती
आपल्या वडिलांची न्याहारी हा व्युत्पत्तीचा पुरावा होऊ शकत नाही.

संत्रानगरी
सांबार हा शब्द तरी जपून वापरावा. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. नोकरीसाठी पुण्याला आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी भाजीवाल्या मावशींना ‘दहा रुपयांचा सांबार द्या’ म्हणालो, तेव्हा त्यांनी अत्यंत सहानुभूतीने मला समोरच्या उडुपी हॉटेलाचा रस्ता दाखवला.

पंचगंगाकाठ
संस्कृत ‘संभार’ म्हणजे जमवलेले साहित्य, सामग्री. मसाल्याच्या साहित्याला तो शब्द लागला, तर त्यातून कोथिंबीरही निघू शकते आणि आमटीही. दक्षिणेच्या सांबाराचे नाव संभाजी महाराजांवरून पडले, ही तंजावरची लोकप्रिय कथा आता कोणी येथे आणू नये.

पेठकर
ती मी आणणारच होतो.

मुशाफिर
सर्वांचे आभार, परंतु परवा लेख छापायला जात आहे. शुद्धमती यांच्या तीन शब्दांनीही माझी अडचण सुटत नाही, कारण नागपूरचा गाडीवाला हरभऱ्यांसकट ओततो तेव्हा तो ना तवंग असतो, ना कट. आणि तर्री-पोह्यांना ‘रस्सा-पोहे’ म्हटले, तर तेथला वाचक मला ओळखच देणार नाही. ‘तर्री’ राहू देऊ की नको?

शुद्धमती
अवतरणचिन्हांत ठेवावा.

संत्रानगरी
अवतरणचिन्हांत तर्री थंड होते. आणि लेखात सांभारवडी, म्हणजे आमची कोथिंबिरीची वडी, आली असेल, तर तेथे ‘ब’ छापू नये. आमच्या घरी ‘भ’ आहे.

पेठकर
आमच्याकडे तिला पुडाची वडी म्हणतात, आणि तीत खोबरे असते.

संत्रानगरी
खोबरे आमच्याही वडीत असते. प्रश्न ‘भ’चा आहे.