शब्दचर्चा: ‘अनडेड’ला मराठीत काय म्हणायचं?

आम्ही काही जण मिळून अद्भुत कथांचा एक संग्रह काढतोय. लेखक नऊ, कथा अकरा आणि अट एकच: मुख्य पात्र मेलेलं हवं, पण त्याचं चालणं-बोलणं थांबलेलं नको. इंग्रजीत यासाठी सरळ एक शब्द आहे, अनडेड. कथा जमल्या, दोनदा तपासून झाल्या, मुखपृष्ठावरच्या ओळीची वेळ आली आणि तिथेच गाडं अडलं. ‘अनडेड कथा’ असं छापायला माझं मन घेत नाही. तुम्हा सगळ्यांचं मत हवंय. आधी माझा विचार कुठवर आलाय ते सांगते.

पहिल्यांदा मी शब्दाची फोड केली. ‘अन’ म्हणजे अ, ‘डेड’ म्हणजे मृत. जोडलं तर होतं अमृत! हातातलं पेन खाली ठेवून मी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले. जे मरत नाही ते अमृत, देवदानवांनी समुद्र घुसळून काढलेलं. तीच घडण इंग्रजीत झाली आणि कबरीतून उठणाऱ्यांना चिकटली. गंमत म्हणजे पूर्वी इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘न मेलेला, म्हणजे जिवंत’ एवढाच होता. आजचा अर्थ रुजला तो ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’मुळे. ही कादंबरी १८९७ साली आली आणि हस्तलिखितावर तिचं नाव ‘द अन-डेड’ असंच होतं. म्हणजे इंग्रजीलाही हा शब्द आयता मिळालेला नाही, जुनाच शब्द वळवून घेतलाय. मग आपण का वळवू नये?

दुसरा शब्द सुचला ‘प्रेत’. पण मराठीत प्रेत म्हणजे मढं. ते तिरडीवर असतं, उठत नाही. हिंदीत भूत-प्रेत म्हणतात तेव्हा प्रेत हिंडतं-फिरतं असतं, आपलं नसतं. मी ‘प्रेतकथा’ असं लिहून एका मैत्रिणीला दाखवलं, तर ती म्हणाली, “शवविच्छेदनाचं पुस्तक आहे का?”

‘जिवंत प्रेत’, ‘चालतं मढं’, ‘अर्धमृत’, ‘अतृप्त आत्मे’ हे सगळं कागदावर आहे. शेवटचा तर इतक्या वेळा वापरून झालाय की त्याने आता कुणी दचकत नाही. आणि अर्धमृत म्हटलं की मार खाऊन पडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो.

—

(कुडाळहून)

ताई, शब्द नाही असं कसं म्हणता? आमच्याकडे शब्द इतके आहेत की एक निवडता येत नाही, ही खरी अडचण आहे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ. ब्राह्मण वासना ठेवून गेला की समंध, आणि हा शब्द ‘संबंध’चंच रूप मानतात. संबंध तुटला नाही तो समंध! पाण्यात बुडून मेला तो गिऱ्हा. आजी सांगायची, गिऱ्ह्याचा केस हाती लागला आणि लपवून ठेवला तर तो घरी राहून पडेल ते काम करतो; केस सापडला की त्याच पावली निघून जातो.

आता यात बघा, एकाही नावात तो मेल्यावर काय करतो ते सांगितलेलं नाही. तो कोण होता, कसा मेला आणि त्याचं काय राहिलं, एवढंच सांगितलंय. तुमचा अनडेड शब्द शरीराबद्दल बोलतो, आमचे शब्द राहून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलतात. शरीर आपण जाळतो ना! चार तासांत राख होते, उठायला शिल्लक काय राहणार? म्हणून आपली भुतं दुसऱ्याच्या अंगात येतात. लागतात, झडपतात, झपाटतात, धरतात. क्रियापदं मोजा, सगळी जिवंत माणसाला काय होतं त्याची आहेत.

एक विनंती मात्र. ‘वेताळकथा’ असं नाव कुणी सुचवलं तर जपून. आमच्या वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा आहे, म्हणजे वेताळच. लोक त्याला केळी आणि मोठमोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात, रात्री गावाची राखण करत फिरताना त्या झिजतात म्हणून. तो आमचा देव आहे. गोव्यात आमोण्याला, लोलयेला बेताळ आहे. रक्त पिणाऱ्यांच्या रांगेत त्याला बसवू नका.

—

(संस्कृत शिकवणारी)

वेतोबाबद्दल पूर्ण सहमत, पण शब्दार्थाने पाहिलं तर अनडेडच्या सर्वांत जवळ वेताळच येतो, हे नोंदवायला हवं. संस्कृतात वेताल म्हणजे नुसता आत्मा नव्हे. प्रेतात शिरून ते उठवणारं, बोलायला लावणारं भूत म्हणजे वेताल. सोमदेवाच्या कथासरित्सागरात, म्हणजे अकराव्या शतकात, राजा त्रिविक्रमसेन शिंशपेच्या झाडावरून जे खांद्यावर घेतो ते प्रेत आहे आणि त्यातून बोलतो तो वेताल. शरीरही आहे, मरणही आहे, बोलणंही आहे. अशा पंचवीस गोष्टी एका सूत्रात ओवलेल्या, म्हणजे तुमच्याच जातीचा संग्रह म्हणा.

आणि सोमदेव सांगतो की आपला ग्रंथ मूळ गुणाढ्याच्या बृहत्कथेवरून घेतला. ती लिहिली होती पैशाचीत, पिशाचांच्या भाषेत. आख्यायिकेप्रमाणे हा गुणाढ्य सातवाहन राजाच्या पदरी होता, प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला. त्याने स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोक लिहिले, राजाने ते नाकारले, तेव्हा तो रानात पशुपक्ष्यांना वाचून दाखवत एकेक पान आगीत टाकत गेला. राजा धावत पोचला तोवर लाखच उरले होते. अद्भुत कथा लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

‘प्रेत’बद्दल: मूळ अर्थ ‘पुढे गेलेला’ (प्र + इत). मृत्यूपासून बाराव्याच्या सपिंडीकरणापर्यंत तो प्रेत, नंतर पितर. म्हणजे तो अवस्थेचा शब्द होता, मधल्या दिवसांचा. मराठीने तो देहावर आणून ठेवला. तुमच्या पात्रांची अवस्था नेमकी ती आहे, पण शब्द आता हातचा गेला. घडवायचाच तर ‘मृतोत्थित’ होईल. व्याकरणाला धरून आहे, पण मुखपृष्ठावर तो वाचायला कुणी थांबेल असं वाटत नाही.

—

‘मृतजीवी’ कसा वाटतो? छोटा आहे, कळतो.

—

विज्ञान शिकवतो म्हणून सांगतो: शाळेच्या पुस्तकात ‘मृतोपजीवी’ आहे, कुजलेल्यावर जगणाऱ्या बुरशीला आणि भूछत्रांना. मुलं संग्रह उघडून अळंबी शोधतील.

—

(वसईहून)

आधी कुणी ‘उठलेले’ किंवा ‘मेलेल्यांतून उठलेले’ सुचवायच्या आत लिहिते. आमच्या मराठी बायबलात आणि प्रार्थनेत ‘मेलेल्यांतून उठला’ हे शब्द पुनरुत्थानाचे आहेत. लाजरस चार दिवस कबरेत होता आणि बाहेर आला, तीही आमच्यासाठी भीतीची गोष्ट नाही. तुमच्या कथा मला वाचायच्या आहेत, लहानपणापासून मला हा प्रकार आवडतो, पण हे शब्द एका ओळीत आले तर पुस्तक हातात घेताना मला अवघड होईल. शिवाय कुडाळकरांचं जाळण्याचं म्हणणं सगळ्यांना लागू नाही. आम्ही पुरतो, मुसलमान दफन करतात, लिंगायतही पुरतात. संग्रहात अशा घरातली एखादी कथा आहे का?

—

(संग्रहातला एक लेखक)

आहे. दोन आहेत. त्यातल्या एकीच्या निमित्ताने ‘खवीस’ या शब्दावर आमची बरीच चर्चा झाली. मूळ अरबी खबीस, अर्थ दुष्ट, नासका. आपल्याकडे तो मुसलमान माणसाच्या भुताला लावला गेला. म्हणजे ब्राह्मणाचं भूत समंध, ज्याच्या नावात नातं आहे, आणि मुसलमानाचं भूत खवीस, ज्याच्या नावात शिवी आहे. आमच्या लेखिकेने पात्राला खवीस म्हणू दिलं नाही. गावातले लोक म्हणतात, पण निवेदन म्हणत नाही. मला ते फार योग्य वाटलं. जुने शब्द गोड असतात म्हणून जसेच्या तसे उचलायचे, हे मला पटत नाही.

माझी स्वतःची कथा झॉम्बीची आहे. (कृपया ‘झोंबी’ लिहू नका, ती कुस्तीतली.) हा शब्द हैतीतून आला आणि त्याआधी बहुधा पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या भाषांतून. फ्रेंचांच्या ताब्यात असताना तिथे उसाचे मळे होते आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम त्यात मरेपर्यंत राबत. तिथला झॉम्बी कुणाला खात नाही. त्याला उठवतात ते काम करायला. मेल्यावरही मालक सोडत नाही, ही त्यातली भीती.

मी बीडकडचा. हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. आमच्याकडे ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. माझ्या कथेतला माणूस फडात साप चावून मरतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोळी बांधायला हजर असतो. बायको काही बोलत नाही. टोळीतलं कुणीही त्याला भूत म्हणत नाही. एवढंच म्हणतात, “त्याची उचल फिटायचीय.” मला अनडेडला मराठी शब्द विचाराल तर माझ्या गावापुरता हा आहे.

—

या चर्चेची मी सुरुवात केली, आता परत येते. वरचं वाचून डोकं हललं. कुडाळकरांचं ‘काय राहिलं’ आणि बीडच्या आमच्या लेखकाचं ‘उचल फिटायचीय’ ही एकच गोष्ट आहे, हे मला आज दिसलं.

गेल्या वर्षी मामांचं दहावं होतं, नाशिकला, गोदावरीच्या काठी. पिंड ठेवला. भिंतीवर सात-आठ कावळे होते, पण एकही खाली येईना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मोठा भाऊ पुढे होऊन म्हणाला, घर विकणार नाही. कावळे तिथेच. धाकटा म्हणाला, ताईच्या शिक्षणाचं आम्ही बघू. एक कावळा उडाला, पिंडावरून घिरटी घालून परत भिंतीवर. ऊन चढायला लागलं. कुणीतरी दर्भाचा कावळा करायचं काढलं. तेवढ्यात मामी मागून, अगदी हळू म्हणाली, “तुमच्या तिकिटांच्या वह्या रद्दीत नाही घालणार मी.” मामा चाळीस वर्षं टपालाची तिकिटं जमवत. आणि कावळा शिवला. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “सुटला.”

हा शब्द आपण रोज वापरतो. बरेच दिवस आजारी असलेलं माणूस गेलं की म्हणतो, सुटला बिचारा. मराठीत नीट मरणं म्हणजे सुटणं. मग आमच्या अकरा कथांतली माणसं कोण आहेत? न सुटलेली. सोडमुंज न झालेला मुंजा, संबंध न सुटलेला समंध, फडातून न सुटलेला कोयता. केस लपवलेला असेपर्यंत न सुटणारा गिऱ्हासुद्धा. ‘न सुटलेले’. कसं वाटतं?

—

शब्दामागचा विचार फार आवडला. पण नुसतं ‘न सुटलेले’ वाचलं की मला गणितं आठवतात. न सुटलेली उदाहरणं, न सुटलेलं कोडं. दुकानात हे पुस्तक स्पर्धा परीक्षांच्या कप्प्यात जाईल, खरंच सांगतो.

—

‘अडकलेले’?

—

(संस्कृत शिकवणारी)

‘अडकलेले’त कुणीतरी येऊन सोडवेल अशी आशा आहे, आणि लिफ्टमध्येही माणूस अडकतो. ‘सुटणे’ सोडू नका. फक्त नाम करून बघा. ‘सुटका’ म्हटलं की गणित जातं. गणिताची सुटका होत नाही, माणसाचीच होते.

—

‘सुटका न झालेल्यांच्या कथा’. चौघांना मोठ्याने वाचून दाखवलं, चौघांनीही पहिल्यांदा तुरुंग म्हटलं आणि मग जरा थांबून “मेलेल्यांच्या का?” असं विचारलं. ते थांबणं मला हवं होतं. ही ओळ मुखपृष्ठावर जाते. आत मात्र सगळ्यांना एक शब्द लावणार नाही. ज्या कथेत हडळ आहे तिथे हडळ, जिथे झॉम्बी तिथे झॉम्बी, आणि बीडच्या कथेत यातला कुठलाच नाही. वेताळ एका कथेत होता, त्या लेखकाशी बोलून तो शब्द बदलतोय. वसईच्या ताई, ‘उठलेले’ हा शब्द एका कथेच्या शीर्षकात होता, तोही काढला.

एक शेवटचं. मुद्रितशोधक विचारतायत, मुंजा की मुंज्या? दोन्ही कथांत वेगवेगळं आलंय.

—

(कुडाळहून)

कथेत त्याला हाक कोण मारतं?

—

एकीत गुरुजी, दुसरीत त्याची आई.

—

मग गुरुजींच्या कथेत मुंजा ठेवा. आईच्या तोंडी मुंज्याच राहू द्या.