दोघांनी एकच फॉर्म भरला, उत्तरं वेगळी आली. कुणाचं खरं?

कृष्णाकाठ:
ह्यांचं डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. परवा मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने आम्हाला वेगवेगळं बसवून ३७ प्रश्नांचा फॉर्म दिला. जोडीदार ताणात असला की तुम्ही काय करता, तो काय करतो, असं सगळं. 'फार क्वचित' ते 'फार वेळा', पाच पर्याय. 'ऐकून घेणं' होतं तिथे मी पाचवर खूण केली. ह्यांनी माझ्याबद्दल दोनवर! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बटाटे चिरून, भिजवून, ते पाणी ओतून मग शिजवते मी, पोटॅशियम वाढू नये म्हणून. उत्तर कुणाचं चुकलं?

मानसशास्त्र_शिकवते:
कुणाचंच नाही, ताई. वर्णनावरून ही स्वित्झर्लंडच्या गी बोडेनमन यांची 'डायडिक कोपिंग इन्व्हेंटरी' वाटते, म्हणजे जोडपं मिळून ताण कसा पेलतं ते मोजणारी प्रश्नावली. एकाचा ताण दुसऱ्यापर्यंत पोचतोच, म्हणून त्यात दोघांनाही विचारतात. बटाटे भिजवणं म्हणजे त्यांच्या वाट्याचं काम तुम्ही उचलणं. ऐकून घेणं त्यात वेगळं मोजतात. एकात पाच आणि दुसऱ्यात दोन सहज येतात. पहिल्या ३५ उत्तरांची बेरीज, नकारात्मक प्रश्नांचे गुण उलटे धरून, १११ ते १४५ असेल तर सर्वसाधारण धरतात, पण तो हिशेब तिकडच्या जोडप्यांवरून बसवलेला आहे, त्यावरून संसाराला मार्क देऊ नका. मी तुमच्या जागी असते तर त्या दोनबद्दल त्यांनाच विचारलं असतं.

पाण्याची_बाटली:
आमच्याकडे बायको डायलिसिसवर आहे, पाणी मोजूनच प्यायचं असतं. मी बाटलीवर पेनने रेघा मारल्या होत्या. तिने घोट घेतला की रेघ बघायचो, 'डॉक्टर काय म्हणाले होते?' मला वाटायचं, किती काळजी घेतो मी. एक दिवस ती म्हणाली, 'मला तहान लागते, हे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत.' त्या दिवशी रेघा पुसल्या. आता बर्फाचा खडा तोंडात धरते, माप तिचं तीच ठेवते.

कृष्णाकाठ:
विचारलं ह्यांना. म्हणाले, 'मशीनवरून उठलो की तुझा पहिला प्रश्न, वजन किती उतरलं? सुया टोचताना काय होतं, ते कधी विचारलंस?' खरंच नव्हतं विचारलं. काल येताना रिक्षात वजनाचा विषय काढला नाही. फिश्चुलाच्या (सुया टोचायला शिरा जोडून केलेल्या जागेच्या) हातावर, पट्टीच्या वर, हलकेच बोटं ठेवली. आत सारखी थरथर लागते, दोन वर्षांत मला माहीत नव्हतं. आयर्विन पूल येईपर्यंत हे सुयांबद्दलच बोलत होते.