अलॉय व्हीलला आरशासारखी चकाकी: पॉलिशनंतर धुरकटपणा का राहतो?

प्रश्न: बाईकच्या अलॉयचा रंग काढला. ४०० नंबरचा सँडपेपर मारून थेट १५०० चा (नंबर मोठा तितका पेपर बारीक), मग बफ केलं, म्हणजे फिरत्या पॉलिशच्या चकतीने घासलं. उन्हात बारीक रेघा आणि पांढरट धूर दिसतो. कुठे चुकलं?

उत्तर १: ४०० च्या रेघा १५०० ने निघत नाहीत, नुसत्या झाकल्या जातात. परत ४०० पासून सुरू करा: ६००, ८००, १०००, १५००, २०००. सगळे पाण्यात भिजवून, पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण. दर नंबरला हात आडवा-उभा बदलायचा. आधीच्या दिशेची एकही रेघ उरली तर पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही.

उत्तर २: बफ एकच वापरलात का? तपकिरी पॉलिश साबणाला (बफला लावायची घासायची वडी) सिसलचा, म्हणजे खरखरीत तंतूंचा बफ, पांढऱ्या वडीला मऊ सुती, दोन्ही वेगळे. मधे चाक धुवा, नाहीतर जाड कण रेघा पाडतात. फडकं काळं होणारच, तो साबण आणि ॲल्युमिनियमच. बेअरिंगची जागा आणि टायर बसतो ती कड मात्र घासू नका.

उत्तर ३: उरलेला रंग काढायला कॉस्टिक सोडा अजिबात नको, ॲल्युमिनियम खातो. वर लॅकरही (पारदर्शक रंगाचा थर) नको, गुळगुळीत धातूवर नीट धरत नाही आणि पापुद्र्याखाली गंज रांगतो. मेणाचा हात द्या, पावसाळ्यात दर पंधरवड्याला.