इंजेक्शन म्हणजे पळवाट नव्हे
एका चर्चेत कोणीतरी लिहिलंय की वजन कमी करण्याचं इंजेक्शन ही पळवाट आहे, मनावर ताबा असला की पुरे. हे मला अजिबात पटत नाही. वजन उतरू लागलं की शरीरच भूक वाढवतं आणि ऊर्जा वाचवायला लागतं. त्यात माणसाचा आळस शोधणं अन्यायाचं आहे.

सेमाग्लुटाइड हे असंच इंजेक्शनचं औषध आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखं (हार्मोनसारखं) काम करतं. भूक मंदावते, पोट सावकाश रिकामं होतं, साखर वाढलेली असताना इन्शुलिन जास्त स्रवतं. पण चाचण्यांमध्ये मधुमेह नसलेल्यांचं वजन सरासरी १५ टक्के घटलं, तर टाइप २ मधुमेह असलेल्यांचं १० टक्क्यांच्या आसपास. म्हणून मधुमेह असेल तर दुसऱ्याचे आकडे बघून खचू नका. औषध थांबवल्यावर बरंचसं वजन परत येतं, हेही सुरू करण्यापूर्वीच कळायला हवं.

आधीपासून इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर त्यांचा डोस कमी करावा लागू शकतो, नाहीतर साखर फार खाली जाण्याची भीती असते. आणि डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्याच.

औषधाविना काहीच होत नाही असंही नाही. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत देखरेखीखाली अगदी कमी उष्मांकाचा आहार घेतलेल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरानंतर गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. मात्र त्या सगळ्यांचं निदान सहा वर्षांच्या आतलं होतं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) खूप जास्त असेल तर वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दलही विचारा. डॉक्टरांनी विषय काढला नाही, तर तुम्ही काढा.