अनुभव धागा: नातेवाइकांच्या घरी, मोटरसायकलवरून, लांबच्या पण देखण्या रस्त्याने

आठ-दहा दिवसांचा प्रवास, वाटेत दोन-तीन नातेवाइकांची घरं आणि मधले रस्ते मुद्दाम घाटाचे, नदीकाठचे, किनाऱ्याचे निवडलेले. नुसत्या भटकंतीपेक्षा हे वेगळं असतं, कारण पलीकडच्या टोकाला कोणीतरी जेवायचं थांबलेलं असतं. उशीर झाला की हात आपोआप ॲक्सिलरेटर पिळतो आणि नेमका तेव्हाच घाट लागलेला असतो. प्रवासवर्णनं इथे नकोत. मापं, सुटे भाग, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच लिहा.

सुरुवात वेळेच्या हिशोबाने करतो. नकाशावरचे तास धरू नका. थांबे धरून घाटात ताशी ३५ किमी आणि मोकळ्या रस्त्यावर ५५ किमी सरासरी धरा. ३०० किमीत १०० किमी घाट असेल तर तीन तास घाटाचे, साडेतीन-पावणेचार तास उरलेल्याचे, वर जेवणाचा एक आणि पंक्चरसारख्या भानगडीसाठी एक. म्हणजे सहाला निघून पोचायला तीन वाजतात. घरी मात्र "तीन वाजता येतो" असं सांगू नये. "दुपारनंतर, दिवेलागणीच्या आत" एवढंच सांगावं आणि जेवायला थांबू नका असं स्पष्ट सांगावं.

देखणा रस्ता नेहमी दिवसाच्या पहिल्या भागात ठेवावा. घर जवळ आल्यावर शेवटचे १०० किमी सरळ, सोप्या रस्त्याचे असावेत. दुपारनंतर नजर मंदावते, आणि ओळखीचं घर जवळ आलं की लक्ष रस्त्यावरून आधीच निघून घरी पोचलेलं असतं.

* * *

वेळेचं पटलं. मी चेनबद्दल लिहितो, कारण लांबच्या प्रवासात सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं.

दर ५०० किमीला ल्यूब (चेनचं वंगण) आणि गाडी पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी. सकाळी निघताना मारू नका. मुक्कामी पोचल्यावर चेन गरम असते, ल्यूब आत मुरतं आणि रात्रभरात वरचं द्रावण उडून जातं. सकाळी मारलेलं ल्यूब पहिल्या दहा किलोमीटरमध्ये रिमवर आणि टायरवर उडतं. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश वर्ज्य. रबरी कड्या खराब झाल्या की आतलं ग्रीस निघून जातं. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, मग कोरड्या फडक्याने पुसून ल्यूब आतल्या बाजूने मारायचं. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) जातात. यात वेळ वाचत नाही.

ढील मोजताना खालच्या भागाच्या मधोमध चेन बोटाने वर ढकला, खाली ओढा आणि दोन्हींतलं अंतर पट्टीने घ्या. बहुतेक गाड्यांना हे २० ते ३५ मिमीच्या आसपास असतं, उंच सस्पेन्शनच्या गाड्यांना जास्त. तुमच्या गाडीचा आकडा स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, तोच खरा. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच जागी मोजा आणि जिथे चेन सर्वांत घट्ट लागते तिथला आकडा धरा.

सामान लादल्यावर मागचा शॉकअब (शॉक ॲब्सॉर्बर) दबतो, पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (जिथे तो वर-खाली हलतो तो सांधा) आणि मागचा ॲक्सल एका रेषेकडे येतात आणि चेन आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीवर "मस्त घट्ट" केलेली चेन सामान आणि मागे माणूस बसल्यावर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि ऑइल सील खाते. थोडी सैल चालेल, घट्ट चालणार नाही. ॲडजस्टर दोन्ही बाजूंना पाव-पाव फेराच फिरवा, खुणा दोन्हीकडे सारख्या ठेवा आणि ॲक्सलचा नट आवळल्यावर ढील पुन्हा मोजा, कारण आवळताना ती बदलते.

मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट निघण्याआधीच बदला. जोडकडीला क्लिप असेल तर तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. त्याच मापाची एक सुटी जोडकडी पाकिटात ठेवा.

* * *

आता सामान. जड वस्तू खाली आणि चालवणाऱ्याच्या जवळ. हत्यारं आणि कुलूप मागच्या टॉप बॉक्समध्ये ठेवू नका. ॲक्सलच्या मागे, उंचावर टाकलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं आणि वेग वाढला की हँडल डुलायला लागतं. सॅडल बॅगा भरून झाल्यावर दोन्ही स्प्रिंगच्या काट्यावर टांगून बघा. फरक एक किलोच्या आत आणा.

बंजी कॉर्ड मुख्य बांधणीसाठी वापरू नये. खड्ड्यात ती ताणली जाते, सामान एका बाजूला सरकतं आणि सुटलेला हुक चेनमध्ये किंवा चाकात जातो. बकलच्या न ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या घ्या, दोन उभ्या, दोन आडव्या, आणि प्रत्येक पट्टीचं उरलेलं टोक गुंडाळून चिकटपट्टीने बंद करा. सायलेन्सरच्या बाजूची बॅग हाताने आत दाबून बघा, कारण गाडी बसल्यावर तेवढंच अंतर उरतं. पहिल्या २० किमीनंतर थांबून सगळ्या पट्ट्या पुन्हा आवळायच्या. कपडे दबून बसतात आणि पट्ट्या सैल होतात.

आणि हे फक्त नातेवाइकांच्या प्रवासालाच लागू आहे: निघताना एक चतुर्थांश जागा रिकामी ठेवा. प्रत्येक घरातून काहीतरी दिलंच जातं, नाही म्हणवत नाही, आणि मग ती पिशवी हँडलला अडकवली जाते. हँडलला अडकवलेली पिशवी वळताना टाकीवर आपटते, ब्रेक लिव्हरच्या मागे शिरते. हँडलला काहीही नको. जागा संपली तर अंगावरचे जास्तीचे कपडे त्याच घरून कुरिअरने परत पाठवा. तसंच लांबच्या टप्प्यावरच्या घरी ल्यूब, एक लिटर ऑइल, सुटे ब्रेक पॅड आधीच पाठवून ठेवता येतात. पाच किलो कमी वाहावं लागतं.

* * *

वरच्यात भर: सामान लादल्यावर मागच्या शॉकअबचा प्रीलोड (स्प्रिंगचा सुरुवातीचा दाब) एक-दोन खाचा वाढवा आणि मग रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइटचा झोत तपासा. मागचा भाग बसला की झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. तपासताना स्वतः गाडीवर बसा आणि दुसऱ्याला भिंतीवर खूण करायला सांगा.

* * *

टायर. हवा सकाळी, टायर थंड असताना. चालवून आल्यावर तीन-चार पीएसआय जास्त दिसतात, ते "जास्त झालं" म्हणून सोडू नका, नाहीतर सकाळी हवा कमी असेल. सामान असेल तर मॅन्युअलमधला दोन माणसांचा आकडा वापरा. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांवरचं रबर कडक होतं आणि ओल्या घाटात ते कळतं.

ट्यूबलेस पंक्चरची पद्धत: खिळा काढण्याआधी त्याभोवती खडूने गोल करा, नाहीतर भोक सापडत नाही. खिळा कोणत्या कोनात घुसलाय ते बघून पकडीने ओढा. रीमर (भोक खरवडून मोकळं करणारा दाभण) त्याच कोनात आत-बाहेर आठ-दहा वेळा. इथे कंजूषपणा केला की पट्टी आत जात नाही आणि सुईच वाकते. चिकट पट्टी सुईच्या डोळ्यात मधोमध ओवा, सोल्यूशन लावा, दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर राहतील इतपत दाबा आणि सुई झटक्यात सरळ बाहेर ओढा. शेपट्या तीनेक मिमी ठेवून कापा, हवा भरा, थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. बाजूच्या भिंतीला भोक असेल तर यातलं काही करू नका. टो करून न्या. दुरुस्तीनंतर वेग कमी ठेवा आणि पहिल्या १० आणि ५० किमीला हवा मोजा.

* * *

आऱ्यांची चाकं आणि ट्यूब असलेल्या गाडीचं काय? सुट्या दोन्ही ट्यूब न्यायच्या का?

* * *

जागा असेल तर दोन्ही. एकच नेणार असाल तर पुढच्या चाकाची. ती अडीअडचणीला मागच्या टायरमध्ये चालते, मागची जाड ट्यूब पुढे बसत नाही. टायर काढताना लोखंडी पट्टी (टायर लिव्हर) जिथे लावलीय त्याच्या बरोबर समोरची कडा गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलून धरा. ती तिथे बसली नाही तर कितीही जोर लावा, पट्टीने ट्यूबच फाटते. नवी ट्यूब घालताना तिच्यात थोडी हवा असू द्या म्हणजे पिळवटत नाही. टायरच्या आतून बोटं नाही, फडकं फिरवा. खिळ्याचं टोक अजून तिथेच असू शकतं. व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळू नका, तो टोपीकडे वर सरकवून ठेवा. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका होतो आणि वेळेत दिसतो.

* * *

घाटाबद्दल मला सविस्तर लिहायचंय.

वळणाचा वेग वळणाआधी ठरतो. ब्रेक आणि गिअर सरळ रस्त्यावर संपवा, वळणात फक्त हलका ॲक्सिलरेटर. डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशांत उजवं वळण घेताना चाकं आपल्या लेनमध्ये असतात, पण झुकलेलं डोकं आणि खांदा मधल्या रेषेपलीकडे जातात आणि समोरून ट्रक येतो. म्हणून उजव्या वळणात चाकं रेषेपासून मीटरभर तरी लांब ठेवा. आंधळ्या वळणात आतली बाजू उशिरा धरा, पलीकडचा रस्ता दिसल्यावर. पावसानंतर डोंगराच्या बाजूला बारीक खडी वाहून येते आणि सावलीतला डांबराचा पट्टा दुपारपर्यंत ओला असतो. उन्हातून सावलीत शिरताना डोळ्यांना तो लगेच दिसत नाही.

केसाच्या पिनेसारख्या चढाच्या वळणात क्लच दाबू नका. वेग मेला की सामानासकट गाडी आतल्या बाजूला पडते. पहिला किंवा दुसरा गिअर आधीच टाका आणि मागचा ब्रेक किंचित धरून ठेवा. उतरताना, चढायला जो गिअर लागला असता तोच ठेवा. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेकचं ऑइल उकळतं, लिव्हर स्पंजासारखा लागतो आणि हँडलपर्यंत येतो. नवं डॉट-४ ऑइल २३० अंशांपर्यंत तरी टिकतं, पण ते हवेतली ओल शोषून घेतं आणि ओल धरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. दोन वर्षांनी ते बदलण्याचं कारण हे. लिव्हर मऊ लागला तर दोन-तीनदा पंप करून दाब येतो का बघा, गिअर खाली आणत गाडी कडेला घ्या, १५-२० मिनिटं थांबा आणि डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

उंची वाढली की हजार मीटरमागे इंजिनची ताकद साधारण दहा टक्के घटते. कार्ब्युरेटरची गाडी काळा धूर टाकते, प्लग काळा होतो. खराब काही झालेलं नसतं, खाली उतरल्यावर ती सुधारते.

देखावा बघायला वळणावर थांबू नका. दोन्हीकडून १०० मीटर दिसेल अशा सरळ भागात थांबा. चढाकडे तोंड, पहिला गिअर, आणि साइड स्टँडखाली चपटा दगड. मऊ मातीत स्टँड हळूहळू रुततो आणि भरलेली गाडी पाच मिनिटांनी आडवी होते.

* * *

पाऊस: पहिली १५-२० मिनिटं सर्वांत निसरडी, तेवढा वेळ चहा घ्या. रंगवलेले पट्टे आणि पुलाचे लोखंडी सांधे सरळ गाडीने, ब्रेक न लावता ओलांडा.

* * *

इंजिन ऑइल रोज सकाळी बघा, गाडी सरळ उभी करून. साइड स्टँडवर मोजलेली पातळी चुकीची येते. एअर-कूल्ड इंजिन दिवसभर वरच्या आरपीएमवर पळवलं की ऑइल खातं आणि दिवा लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

क्लच वायर लिव्हरच्या टोकाशी तुटते. तिथला एखादा धागा सुटलेला दिसला की वायर बदलायची. नवी वायर पिशवीत नेण्यापेक्षा जुनीच्याच वाटेने बाजूला घालून, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा. रस्त्यात टाकी न काढता दहा मिनिटांत जोडता येते.

* * *

शरीर. कानात फोमचे बोळे घाला. ताशी १०० च्या आसपास हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज ९५-१०० डेसिबलच्या घरात असतो आणि संध्याकाळचा निम्मा थकवा त्याचाच असतो. दर दीड तासाला दहा मिनिटं उतरा. इंडिकेटर बंद करायचं विसरणं, गिअर चुकणं, मागच्या दोन किलोमीटरचं काहीच न आठवणं, यांपैकी एक जरी झालं तरी लगेच थांबा. नातेवाइकांकडे रात्री दोनपर्यंत गप्पा होणारच. त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठा टप्पा ठेवूच नका, शक्य असेल तर एक पूर्ण दिवस तिथेच काढा.

* * *

मुक्कामाच्या घराबद्दल कोणी लिहिलं नाही. पोचल्यावर गाडी मुलांच्या वाटेपासून लांब लावा आणि सायलेन्सरची बाजू भिंतीकडे ठेवा. तो अर्धा तास तरी पोळतो. अंगणातल्या फरशीवर स्टँडखाली लाकडाची फळी आणि चेनखाली जुना पुठ्ठा, म्हणजे ल्यूबचे डाग पडत नाहीत.

निरोपाची सकाळ सर्वांत धोक्याची. सगळे दारात उभे असतात, फोटो, हात हलवणं, आणि त्या गडबडीत डिस्क लॉक तसंच राहतं किंवा अर्धी पट्टी सुटी राहते. म्हणून ऑइल, हवा, चेन, बांधणी सगळं आदल्या रात्री. डिस्क लॉकपासून हँडलपर्यंत रंगीत दोरी लावा. सकाळी आधी सगळ्यांचा निरोप घ्या, मग हेल्मेट आणि हातमोजे, आणि शेवटी एकट्याने गाडीभोवती एक फेरी: लॉक, स्टँड, पट्ट्या, टोपणं. कोणी बोलायला लागलं तर फेरी पहिल्यापासून.

सुटी चावी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. पुष्कळ जण ती त्याच चावीने उघडणाऱ्या बॉक्समध्ये ठेवतात.