आरोग्य शिक्षणात करिअर: बीएस्सीनंतर एमपीएच, एमएसडब्ल्यू की डिप्लोमा?

साताऱ्याचा_वारा:
धाकटी बहीण बीएस्सीच्या (सूक्ष्मजीवशास्त्र) शेवटच्या वर्षाला आहे. लॅबमध्ये बसायचं नाही, गावपातळीवर आरोग्य शिक्षणाचं काम करायचंय म्हणते. दोन वर्षांचा खर्च झेपेल, पण नंतर नोकरी लवकर लागायला हवी. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करावं की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली)? आणि या वर्षात तिने काय तयारी करावी?

तळटीप:
कॉलेज नंतर शोधा, आधी जाहिराती वाचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या (एनएचएम) आणि चार-पाच जिल्हा परिषदांच्या संकेतस्थळांवरून जुन्या कंत्राटी भरतीच्या पीडीएफ उतरवून घ्या. पद, शैक्षणिक अर्हता, अनुभव, टायपिंग आणि एमएससीआयटी, एवढ्या रकान्यांचा तक्ता करा. तासाभराचं काम आहे, पण बरेच गैरसमज त्यातच फिटतात.

सगळ्यात मोठा गैरसमज एमपीएचचा. सार्वजनिक आरोग्याच्या व्यवस्थापक पदांसाठी बऱ्याच जाहिरातींत 'एनी मेडिकल ग्रॅज्युएट विथ एमपीएच/एमएचए/एमबीए इन हेल्थ' अशी अट असते. म्हणजे आधी एमबीबीएस, बीएएमएस, बीडीएस यांपैकी काहीतरी हवं. बीएस्सीवर एमपीएच केलेला उमेदवार छाननीतच गळतो, मग गुण कितीही असोत. समुपदेशकाच्या जागांना मात्र एमएसडब्ल्यू सर्रास चालतं. बहिणीला सरकारी यंत्रणेतच जायचं असेल तर माझं मत एमएसडब्ल्यूला.

निशिगंध:
तळटीप यांचं म्हणणं सरकारी जागांपुरतं बरोबर आहे, पण सगळं काम सरकारीच असतं असं नाही. मुंबईत स्नेहा, पुण्यात साथी आणि प्रयास, गडचिरोलीत सर्च, जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प अशा आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था मूळ पदवीपेक्षा उमेदवाराला काय करता येतं ते जास्त पाहतात. तिथे एमपीएचमधल्या साथरोगशास्त्राचा आणि संख्याशास्त्राचा उपयोग होतो.

एमपीएचसाठी मुंबईचं टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा आरोग्यविज्ञान विभाग बघा. टिसला सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा, त्यामुळे अंदाजपंचे खुणा करू नयेत. एमएसडब्ल्यूला साताऱ्यातच जकातवाडीचं कॉलेज आहे, घरखर्च वाचेल. एमएसडब्ल्यूची खरी ताकद क्षेत्रकार्यात आहे. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेत मिळावं असा अर्ज पहिल्याच सत्रात द्यावा. उशीर केला तर उरलेली जागा पदरात पडते.

आणखी एक पर्याय लोक विसरतात: आरोग्य संवर्धन शिक्षणाचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा, डीएचपीई. कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्य संस्था (स्थापना १९३२) आणि तमिळनाडूतलं गांधीग्राम इथे तो आहे. विषय नेमका हाच, पण महाराष्ट्रातल्या जाहिरातींत त्याचं नाव क्वचित दिसतं. एमएसडब्ल्यूनंतर केला तर ठीक, एकट्या डिप्लोमावर भिस्त नको.

साताऱ्याचा_वारा:
दोघांचेही आभार. संस्था 'काय करता येतं' ते पाहतात म्हणालात. मुलाखतीत दाखवायचं काय? पोस्टर स्पर्धेची प्रमाणपत्रं आहेत तिच्याकडे.

पाणवठा:
प्रमाणपत्रं घरी ठेवा. एकच विषय घेऊन त्यावर आठ-दहा पानांची फाइल करा. ओआरएस (जुलाबात द्यायचं क्षार-साखरेचं पाणी) घ्या, विषय सोपा वाटतो आणि तिथेच सगळे घसरतात.

आधी लोक काय चुकतात ते शोधायचं. बाजारात १ लिटरचं आणि २०० मिलीचं अशी दोन्ही पाकिटं मिळतात. घरात मोजमाप म्हणजे पेला किंवा तांब्या. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात ओतलं की क्षार फार दाट होतात आणि बाळाला ते धोक्याचं. उलट, पाकीट 'पुरवून' थोडं थोडं वापरलं की क्षार कमी पडतात. केलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचं, हेही राहून जातं. सोबतची झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते (२ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिग्रॅ, त्यापुढे २०), पण जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळीही थांबते. तेव्हा पोस्टरवर 'स्वच्छता राखा' लिहून काही साधत नाही. संदेश दोनच: पाणी मोजायला बाटली कोणती आणि गोळी किती दिवस.

मग पूर्वचाचणी. लहान मुलं असलेल्या आठ-दहा आयांना, एकेकीला वेगळं, चित्र दाखवायचं. मजकूर झाकून विचारायचं, "यात काय चाललंय?" "समजलं का?" हा प्रश्न बाद, त्याला सगळ्या हो म्हणतात. शेवटी पाकीट हातात देऊन, "करून दाखवा." कुठे अडलं ते त्यांच्याच शब्दांत टिपायचं, चित्र बदलायचं, पुन्हा दाखवायचं. नावं आणि फोटो परवानगीशिवाय फाइलमध्ये नकोत. पहिलं चित्र, आलेली उत्तरं, बदललेलं चित्र एवढं समोर ठेवलं की मुलाखत त्यावरच चालते.

हे आशाताईंना बरोबर घेऊन करावं. परस्पर घरोघर फिरलं तर गावात शंका येते, शिवाय ताईंच्या कामात ढवळाढवळ होते.

तळटीप:
पाणवठा यांना अनुमोदन. फक्त मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द टायपिंगची प्रमाणपत्रं याच वर्षी उरकून घ्या. रटाळ आहे, पण ती मागणाऱ्या जागेचा अर्ज त्यांच्यावाचून पुढे सरकत नाही. आणि एनएचएमची नेमणूक कंत्राटी असते, नूतनीकरणावर चालते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

दूरदेशी:
पुढेमागे अमेरिकेचा विचार असेल तर एक माहिती. तिथे आरोग्य शिक्षकांची 'चेस' नावाची प्रमाणन परीक्षा असते: १६५ प्रश्न, गुण त्यांपैकी १५० वरच. पण परीक्षेला बसायला पदवीत आरोग्य शिक्षणाचे किमान २५ क्रेडिट लागतात. म्हणून दर विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, तास आणि क्रेडिटसह, विद्यापीठाच्या शिक्क्याने आत्ताच घेऊन ठेवा. बीएस्सी झाल्यावर पाच वर्षांनी तो मिळवणं म्हणजे हेलपाटे.

साताऱ्याचा_वारा:
जाहिरातींचा तक्ता रविवारी करायला घेतो. झाला की इथेच टाकतो, चुका दाखवा.